राखाडी सव्वाशेच का?

माणूस आयुष्यात दोनच निर्णय पूर्ण शुद्धीवर राहून, सगळ्या बाजूंनी विचार करून घेतो. एक लग्नाचा आणि दुसरा मोटारसायकलचा.

हे वाक्य आमच्या शोरूममधल्या टॉर्ककाकांचं आहे. एकोणीस वर्षं ते येईल त्या गिऱ्हाइकाला हे ऐकवत आले आहेत. स्वतः काकांचं लग्न त्यांच्या आत्यानं ठरवलं तेव्हा काका काविळीनं अंथरुणात होते. होकार देताना त्यांनी मान हलवली, की ती नुसतीच हलली, यावर घरात अजून एकमत नाही. त्यांच्या मोटारसायकलचं पुढं येईलच.

मी त्याच शोरूममध्ये काचेमागे बसतो. नोंदणी, विमा, नंबरप्लेट यांचे कागद माझ्याकडे असतात. काचेला खाली हात जाईल एवढी फट आहे. काचेतून दिसतं आणि फटीतून ऐकू येतं. या हकिगतीला माझ्याकडे एवढाच पुरावा आहे.

काकांना टॉर्ककाका म्हणतात, कारण त्यांच्या मते टॉर्क म्हणजे काय हे समजल्याशिवाय गाडी घेणं म्हणजे नाडी न बघता गोळी गिळणं. टॉर्क समजवायला त्यांना बिजागरीचं दार लागतं. कडेला ढकललं तर दार एका बोटानं उघडतं, बिजागरीजवळ ढकललं तर खांदा लावावा लागतो. हा टॉर्क. आमच्या शोरूमची सगळी दारं काचेची आणि सरकती. बिजागरीचं दार एकच, संडासाचं. त्यामुळे टॉर्क तिथं शिकवला जाई. आत कोणी असेल तर त्यानं थांबायचं. आमचा फोरमन एकदा वीस मिनिटं आत अडकला होता. बाहेर आला तेव्हा त्याला टॉर्क समजला होता.

टॉर्कनंतर पिस्टन, तो डाव्या मुठीवर. मग साखळीचा ताण, तो स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यावर, पट्टा काढून. गिऱ्हाईक मध्येच घड्याळ बघायला लागलं तर काका घड्याळातल्या दातेरी चाकांवर येत आणि तिथून गिअरवर. सगळं मिळून पन्नास मिनिटं. विक्रीला काका एकटेच, म्हणून दुसरं गिऱ्हाईक आलं की ते थांबत असे. खुर्च्या दोन. एक माझ्या काचेसमोर, कागद करायला आलेल्यांसाठी, दुसरी काकांच्या टेबलासमोर.

दालनात पाच गाड्या. मधोमध गोल चौथऱ्यावर लाल अडीचशे, वर तीन दिवे. तिच्याकडे सगळे बघत आणि कोणी चढत नसे, कारण चढायला पायरी नव्हती. भिंतीला लागून तीन दीडशे, तिन्ही साइड स्टँडवर कललेल्या, पानटपरीवर टेकून उभ्या असलेल्या लोकांसारख्या. आणि पंख्याखाली राखाडी सव्वाशे. ती डबल स्टँडवर होती, म्हणजे एखाद्या बाकासारखी सरळ आणि पक्की, कारण ट्रकमधून उतरतानाच तिच्या साइड स्टँडची स्प्रिंग गायब होती. फोरमन म्हणाला होता, उद्या बसवतो. या एका शब्दावरून आम्ही त्याला उद्यासाहेब म्हणतो. त्याला ते आवडतं.

अशी आमची व्यवस्था, आणि कोणाची काही तक्रार नव्हती, तोपर्यंत कंपनीचं पत्र आलं.

कंपनीचं म्हणणं असं, की बाकी सगळ्या शोरूममध्ये सगळ्यात जास्त खपते ती दीडशे. फक्त आमच्याकडे दहांतल्या सात गाड्या राखाडी सव्वाशे. ही गाडी कंपनीच्या हिशेबात गेल्याच वर्षी बंद व्हायची होती. तिच्यात नाव घेण्यासारखं काही नाही आणि नावं ठेवण्यासारखंही नाही. मग लोक तीच का निवडतात? खप जास्त आहे याचं कंपनीला दुःख नव्हतं. तो का जास्त आहे हे आपल्याला माहीत नाही, याचं होतं. म्हणून पाहणीसाठी मुख्य कचेरीतून एक बाई येणार होत्या. पत्रासोबत एक मोठा पडदाही आला. त्यावर सहा मिनिटांची फिल्म होती. तीत एक माणूस मोटारसायकलवरून डोंगर चढतो, वर कोणीही राहत नसताना थांबतो, हेल्मेट काढतो आणि लांब बघतो. का थांबला ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.

कंपनीचा विचार होता, की यापुढं माहिती पडदाच देईल.

आमचे मालक काकांच्या पुढ्यात लहानाचे मोठे झाले. थोरल्या मालकांच्या वेळी ते शाळेतून आले की काका त्यांना टॉर्क शिकवायचे. त्यामुळे त्यांना काकांबद्दल आदर आहे, आणि टॉर्कबद्दल जरा भीती. त्यांनी काकांना माझ्या काचेपुढं बोलावलं. कागदाची गोष्ट असली की ते माझ्या देखत बोलतात.

"काका, सरळ सांगतो," ते म्हणाले. "लोक गाडी तुमच्यामुळे घेतात असं पाहणीत निघालं, तर तुम्ही इथंच. नाही निघालं, तर पडदा इथं आणि तुम्ही गोदामात."

काका म्हणाले, निघेल.

गोदाम म्हणजे सर्व्हिसिंगच्या शेडमागची सुट्या भागांची खोली. लोखंडी मांडण्या, त्यांवर ब्रेक शू, केबली, ऑइल फिल्टर, प्रत्येकाला चिकटवलेला आकडा. खिडकीतून चिठ्ठी आत येते, वस्तू बाहेर जाते. बोलावं लागत नाही. तिथं आधी जो होता तो आठ वर्षं होता, आणि निवृत्तीच्या दिवशी त्याला चार शब्द बोलायला सांगितलं तर त्यानं चारच सांगितले. काकांना तिथं पाठवणं म्हणजे पोहणाऱ्याची वाळवंटात बदली करणं. त्या दुपारी ते दोनदा शेडमागं जाऊन खिडकीतून आत बघून आले. मला सांगितलं हात धुवायला गेलो होतो. नळ पुढच्या बाजूला आहे.

पाहणीच्या बाई सोमवारी आल्या. पंचेचाळिशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, हातात फॉर्मांचा गठ्ठा. पाण्याच्या मशीनशेजारी त्यांनी एक स्टूल घेतलं आणि आठवडाभर त्या तिथंच होत्या. गाडी घेणाऱ्याला त्या एकच प्रश्न विचारत: हीच का निवडली? उत्तरासाठी फॉर्मवर बारा चौकटी होत्या. अ‍ॅव्हरेज, किंमत, रंग, ताकद, कंपनीचं नाव, नातेवाइकाचा सल्ला, असं करत अकरावी चौकट होती "विक्रेत्याने दिलेली माहिती". बारावी "इतर". शिवाय गिऱ्हाईक आत किती वाजता आलं आणि बाहेर किती वाजता गेलं, हे त्या न विचारता मागच्या बाजूला टिपून ठेवत.

पहिला आला तो चष्म्याचा दुकानदार. राखाडी सव्वाशे घेतली. का, तर अ‍ॅव्हरेज. बाईंनी विचारलं, किती देते? तो म्हणाला, चांगलं देते. दवाखान्यातल्या एक नर्सबाई आल्या, त्यांनी राखाडी सव्वाशे घेतली, कारण लाल फार लाल होती. बाईंनी रंगावर खूण केली. घरं रंगवणारा एक उंच माणूस आला. त्याचं म्हणणं, मेहुणा बजावून म्हणाला होता ही घेऊ नको, म्हणून घेतली. बाईंनी पेन जरा वेळ हवेत धरलं आणि मग "नातेवाइकाचा सल्ला" या चौकटीत खूण केली. पाहणी अशीच होते, त्यात त्यांचा दोष नाही. माणसाला का विचारलं की तो कारण देतो. नसलं तर तयार करतो, पण देतो. रिकाम्या हातानं कोणी पाठवत नाही.

अकरावी चौकट कोरी होती.

काका दर चहाला त्या स्टुलाच्या मागून जात आणि मान वाकडी करून फॉर्म बघत. बुधवारी एक निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांनी सगळं व्याख्यान ऐकलं, संडासाचं दार स्वतः दोनदा ढकलून पाहिलं, साखळीबद्दल शंका विचारली आणि जाताना बाईंना म्हणाले, या गृहस्थांनी फार उत्तम समजावलं, आमच्या शाळेत असा माणूस नव्हता. बाईंनी अकराव्या चौकटीवर पेन ठेवलं. काका काचेजवळ येऊन माझ्याकडे बघून उभे राहिले. मग बाईंनी विचारलं, कुठली गाडी घेतलीत? मुख्याध्यापक हेल्मेट घ्यायला आले होते.

त्या संध्याकाळी काकांनी ठरवलं, की कमी पडतंय ते समजावणं. दुसरा कोणी असता तर त्यानं व्याख्यान आवरतं घेतलं असतं. काकांनी त्यात गिअरबॉक्स घातला. त्यासाठी चहाच्या बश्या लागत, लहानमोठ्या पाच, टेबलावर एकमेकींना टेकवून फिरवायच्या. पन्नास मिनिटांची पंचाहत्तर झाली. एकाला समजावून होईपर्यंत मागं दोघं-तिघं खोळंबायचे. तरी गाड्या जात होत्या. उलट त्या आठवड्याच्या शेवटी राखाडी सव्वाशे जास्तच गेल्या, आणि अकरावी चौकट कोरीच राहिली. लोक म्हणत, अ‍ॅव्हरेज.

शनिवारी बाईंनी गठ्ठ्याला रबर लावलं. निकाल महिन्याभरात कळवू म्हणाल्या. निघताना मालकांना त्यांनी एक छोटी गोष्ट सांगितली, अगदी घरच्यासारखी. म्हणाल्या, तुमच्याकडे लोकांना बसायला काही नाही हो. परवा एक बाई पाऊण तास त्या राखाडी गाडीवर बसून होत्या. बरं दिसत नाही.

मालकांना ते लागलं. त्यांच्या घरी दोन वर्षांपासून एका सोफ्यावरून धुसफूस चालू होती. सोफा त्यांनी हौसेनं आणलेला, आणि मालकीणबाईंना तो डोळ्यांसमोर नको होता. सोमवारी सकाळी तो टेम्पोतून शोरूममध्ये आला. मरून रंगाचा, तिघांचा, आणि इतका मऊ की बसलेल्याचे गुडघे कानाशी येत. त्यात बसलेल्या माणसाला उठण्यापूर्वी मनाशी ठराव करावा लागे. त्याला पंख्याखालची जागा दिली. राखाडी सव्वाशे भिंतीकडे सरकवली.

त्या आठवड्यात राखाडी सव्वाशे दोन गेल्या. पुढच्या आठवड्यात एक. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही, आणि दुसऱ्याही काही गेल्या नाहीत. लोक येत होते तेवढेच. सोफ्यावर बसत, पंख्याचा वारा घेत, त्यांतले काही झोपत. एक गृहस्थ तर घोरले. काकांचा नंबर आला की ते दचकून उठत, संडासाच्या दारापर्यंत जात, माना डोलवत, आणि घरी विचारून सांगतो म्हणून निघून जात. एकानं जाताना सोफा कुठून घेतला ते विचारलं.

काकांचं बोलणं तेच होतं. शब्द इकडचा तिकडे नाही. मी एकोणीस वर्षं ऐकतोय, मला सांगता येईल.

मालकांनी निकालाची वाट बघितली नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी काकांना पुन्हा माझ्या काचेपुढं बोलावलं आणि म्हणाले, की बाई सगळं बघून गेल्या आणि लगेच विक्री बसली, याचा अर्थ त्यांना जे दिसलं ते खरंच होतं. पहिल्या तारखेपासून गोदाम. पडद्याची तार ओढायला माणूस येईल. काका काही बोलले नाहीत. एकोणीस वर्षांत काका काही बोलले नाहीत असं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते बघायला मला फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला ते माझ्याकडे आले. त्यांच्याकडे स्वतःची राखाडी सव्वाशे आहे, एकोणीस वर्षं जुनी, याच गाडीची पहिली आवृत्ती. ती घेताना त्यांनी अकरा दिवस अभ्यास केला होता, असं ते सांगतात. त्या वेळच्या विक्रेत्याला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की तो पुढं नोकरीच सोडून गेला आणि थोरल्या मालकांनी त्याच्या जागी काकांना ठेवून घेतलं. एवढं सगळं ज्या गाडीनं दिलं, ती आपण का निवडली याला निदान घरात एक साक्षीदार असावा, म्हणून आदल्या संध्याकाळी काकांनी काकूंना विचारलं होतं.

"काय म्हणाली माहिताय?" काका म्हणाले. "म्हणे, तुम्ही त्या माणसाशी बोलत होता. माझी नवी चप्पल चावत होती. मी त्या गाडीवर बसले. तुम्ही तासाभरानं येऊन विचारलंत, ही आवडली का. नाही म्हटलं असतं, तर उठावं लागलं असतं."

मी कप त्यांच्याकडे सरकवला.

"अकरा दिवस," काका म्हणाले. "अकरा दिवस मी अभ्यास केला, आणि ही चपलेचं सांगते."

त्यांना ते बायकोनं केलेल्या अपमानासारखं लागलं होतं, आणि ते कप ठेवून निघून गेले. मी मात्र चहा तसाच ठेवून दालनाकडे बघत बसलो. डोक्यात चक्रं फिरतात म्हणतात. माझ्या डोक्यात काकांच्या बश्या फिरल्या.

इतकी वर्षं मी हे रोज बघत होतो. थांबलेलं गिऱ्हाईक आधी खुर्ची शोधतं. ती नाही म्हटल्यावर राखाडी सव्वाशेला टेकतं, कारण वर पंखा आहे आणि गाडी हलत नाही. आधी बाकावर बसल्यासारखं आडवं. दहा मिनिटांनी एक पाय पलीकडे जातो. मग हात कुठं ठेवायचे म्हणून हँडलवर. मग क्लच दाबून सोडणं, दाबून सोडणं. अर्ध्या तासानं तो माणूस आरशात बघून केस सारखे करतो, आणि बायको बरोबर असेल तर एव्हाना ती मागं बसलेली असते, पिशवी मांडीवर. काका तिसऱ्या अंकाला पट्टा काढत असतात तेव्हा हे दोघं शोरूममध्ये नसतातच. त्यांच्या गल्लीचं वळण येऊन गेलेलं असतं. नंबर आला की काका विचारतात, कुठली दाखवू? आणि ते म्हणतात, हीच. मग काका तरीही पंचाहत्तर मिनिटं समजावतात, म्हणजे पुढचा त्या गाडीवर पंचाहत्तर मिनिटं बसतो.

खात्री करून घ्यावी म्हणून मी दोन दिवस थांबलो. गुरुवारी एक शिंपी आणि त्याची बायको आले. सोफ्यावर एक जाडे गृहस्थ आधीच पसरलेले होते. शिंप्यानं उरलेल्या जागेत स्वतःला कसंबसं घातलं, आणि बायको भिंतीकडच्या राखाडी सव्वाशेवर जाऊन बसली. तास झाला. जाडे गृहस्थ घरी विचारून सांगतो म्हणून गेले. शिंप्याला दीडशे हवी होती. तो तसं घरून ठरवून आला होता. बायको गाडीवरून न उतरता म्हणाली, ही काय वाईट आहे? कागद मी केले. दोन आठवड्यांतली ती एकमेव गाडी.

आता प्रश्न सोफ्याचा होता. मालकांना खरं सांगायचं तर काकांचं काय, हा दुसरा. लोक तुमच्या बोलण्यामुळे नाही तर बसायला जागा नसल्यामुळे गाडी घेतात, हे कळलं असतं तर मालकांनी काकांना गोदामात घातलं असतं आणि खुर्च्याही काढून टाकल्या असत्या. म्हणून मी मालकांकडे गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, की सोफ्यात ढेकूण आहेत.

मालकांचा चेहरा मी प्रथमच तसा पाहिला. सोफा घरचा होता. सोफ्यात ढेकूण म्हणजे घरात ढेकूण, आणि घरात ढेकूण हे मालकीणबाईंना सांगायचं म्हणजे आधी स्वतः गोदामात राहायला जायचं. त्यांनी एवढंच विचारलं, की अजून कोणाला माहीत आहे? मी म्हणालो, कोणाला नाही. तासाभरात सोफा शेडमागं ताडपत्रीखाली गेला. हल्ली फोरमन दुपारी त्यावर झोपतो. आपल्याला काही चावत नाही याचं त्याला आश्चर्य वाटत नाही, कारण चावायला हवं हे त्याला सांगितलेलंच नाही.

पंख्याखाली फरशीवर सोफ्याच्या पायांचे चार डाग राहिले होते. ते झाकायला हवेत म्हणून मी राखाडी सव्वाशे पूर्वीच्या जागी आणून लावली. तिला डबल स्टँडवर चढवताना कमरेत उसण भरली. ही माझी या प्रकरणातली एकूण झीज.

पहिली तारीख यायला आठ दिवस होते. काका खण रिकामा करत होते. पाच बश्या त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळल्या, एकेक वेगळी. मग माझ्या काचेशी येऊन वाकले. फटीतून बोलायला त्यांना वाकावं लागतं.

"तू रोज बघतोस," ते म्हणाले. "खरं सांग. माझं ऐकून कोणी कधी गाडी घेतली का?"

मी विचार केला. खोटं बोलायची माझी त्या आठवड्याची वाटणी ढेकणांवर खर्च झाली होती.

"काका," मी म्हणालो, "तुमचं व्याख्यान एवढं मोठं नसतं, तर या दुकानातून एकही सव्वाशे गेली नसती."

त्यांनी वाकल्या वाकल्याच मान डोलवली. मग म्हणाले, "तेच मी म्हणतो. लोकांना घाई करून चालत नाही." आणि जाऊन त्यांनी बश्या वर्तमानपत्रातून पुन्हा बाहेर काढल्या.

त्या आठ दिवसांत राखाडी सव्वाशे नऊ गेल्या. काकांनी उरलेल्या दिवसांत हातचं राखायचं नाही म्हणून कार्बुरेटरही घेतला, आणि मागं माणसं तासन् तास खोळंबली. मालकांनी पडद्याच्या माणसाला पुढच्या महिन्यात ये सांगितलं. काकांना म्हणाले, काका, गोदामाचं नाव काढल्यावर सुधारलात. काकांनी हे कौतुक म्हणून घेतलं. मालकांनीही तसंच दिलं होतं.

मग निकाल आला. अठ्ठावीस पानं, मागं तक्ते. मालकांनी आम्हाला बोलावून शेवटचं पान वाचून दाखवलं. बारा चौकटींमधून बाईंना काहीच हाती लागलं नव्हतं, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण त्यांनी फॉर्मांच्या मागच्या बाजू बघितल्या होत्या. ज्यांनी राखाडी सव्वाशे घेतली, ते शोरूममध्ये सरासरी दोन तास बावीस मिनिटं होते. ज्यांनी दुसरी घेतली किंवा काहीच घेतली नाही, ते सव्वा तास. यावरून निष्कर्ष असा, की विक्रेत्याच्या सहवासात गिऱ्हाईक जितका जास्त वेळ राहतं, तितकं ते समजून-उमजून राखाडी सव्वाशेकडे वळतं. आकडे बरोबर होते, मी ते पुन्हा तपासले. आकडे खोटं बोलत नाहीत. लोक कुठं बसले होते, एवढंच ते सांगत नाहीत.

सव्वाशे बंद करण्याचा विचार कंपनीनं सोडला. काकांना आहे त्याच जागी ठेवावं. त्यांच्या संपूर्ण व्याख्यानाची फिल्म काढावी आणि ती डोंगरवाल्या माणसाऐवजी सगळ्या शोरूममध्ये पडद्यावर दाखवावी. आणि दोन तास ऐकायचं म्हणजे गिऱ्हाइकांची गैरसोय नको, म्हणून प्रत्येक शोरूमला कंपनीच्या खर्चानं एक आरामशीर सोफा.

आमचा सोफा आला तेव्हा मालकांनीच तो परत पाठवला. सोफा म्हटलं की आता त्यांना मानेला खाज सुटते.

फिल्म काढायला तिघं आले. त्यांच्याकडचे दिवे संडासाच्या बोळात मावेनात, पण काकांनी दुसऱ्या दाराला नकार दिला. काकूही बघायला आल्या होत्या. चित्रीकरण लांबलं तशा त्या पंख्याखालच्या राखाडी सव्वाशेवर जाऊन बसल्या. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाल्या, "हे बोलायला लागले की कुठंतरी टेकायला पाहिजे रे बाबा."

सध्या आमच्याकडे दहांतल्या आठ सव्वाशे जातात. बाकीच्या शोरूममध्ये, कंपनीच्या पत्रकावरून दिसतं, फिल्म लागल्यापासून एकूण विक्रीच घसरली आहे. कंपनी पुन्हा पाहणी करणार आहे. त्या बाईच येणार असं ऐकतो.

परवा मालकांनी फोरमनला फैलावर घेतलं, की आता लोक बाहेरून गाडी बघायला येणार, निदान तिचं मोडलेलं तरी दुरुस्त करा. फोरमन दुसऱ्याच दिवशी आला. तळहातावर साइड स्टँडची नवी स्प्रिंग होती, करंगळीएवढी, तेल लावलेली. आता लगेच बसवू का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, ठेव इथं, मी बसवून घेतो.

ती माझ्या खणात आहे, स्टेपलरच्या पिनांच्या डबीत.